भागीरथाकाकूंची खळ

बालाघाटला आमच्या गल्लीत कुणाची नवी गोधडी उन्हात पडली, की भागीरथाकाकू फाटक ढकलून आत यायच्या आणि ती उलटी करायच्या. गोधडीचं तोंड सगळेच पाहतात, काकू पाठ पाहायच्या. मग शेताच्या बांधासारख्या उठलेल्या एखाद्या सुरकुतीवर बोट ठेवून, घरातल्या बाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "किती धुरे पडले वं हे! धानाचा रोवणाच करून टाक आता यात." एवढं बोलून त्या परत जायच्या. पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत.

त्यांचं माहेर भंडाऱ्याकडचं. राज्यं वेगळी झाली तेव्हा माहेर मुंबई राज्यात गेलं आणि काकू मध्यप्रदेशात राहिल्या. सरकारनं आपल्याला विचारलं नाही, याचा राग त्या आमच्या गल्लीवर काढत. नवरा जंगलखात्यात कारकून होता. तो महिन्यातले निम्मे दिवस लामत्याच्या जंगलाकडे दौऱ्यावर असे आणि उरलेले निम्मे दिवस दौऱ्यावर जायची वाट पाहत असे.

आमच्याकडे गोधडी एकटीनं कुणी घालत नसे. अंगणात जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर धोतरांचे थर लावायचे, आणि थर सरकू नयेत म्हणून चार बायकांनी चार कोपऱ्यांवर बसून आधी लांब लांब कच्चे टाके घालायचे. बारीक शिवण त्यानंतरची. हे कच्चे टाके पुढं उसवूनच टाकायचे असतात, त्यामुळे ते कुणी मन लावून घालत नसे. मन गप्पांत असे. एका वर्षी काकूंच्या गोधडीला माझ्या आईनं घातलेले टाके त्यांनी सगळ्यांच्या देखत उसवले. "हे टाके हायेत का बैलाची उडी?" आई सुई लुगड्यात खोचून उठली, पाठोपाठ बाकीच्याही उठल्या. त्यानंतर काकूंच्या अंगणात कुणी बसायला गेलं नाही.

दुसरी एखादी बाई नमली असती. काकूंनी खळ शिजवली. कणकेची पातळ खळ करून ती कच्च्या टाक्यांऐवजी थराथरात बोटानं लावायची, काठाची पट्टीही खळीनंच बसवायची, गरम तांब्यानं दाबायची आणि कडक उन्हात वाळवायची. मग एकटीनं खुशाल शिवत बसायचं. पहिल्या धुण्यात खळ वैनगंगेत वाहून जाते, गोधडी मऊच्या मऊ. खोटं कशाला बोलू, त्यांच्या गोधडीला सुरकुती नसे आणि काठ तर पट्टीनं आखल्यासारखा. पण काकूंना गोधडीपेक्षा त्यातलं तत्त्व जास्त आवडलं होतं. "खळीले चहा लागत नाही, पान लागत नाही," त्या गल्लीला ऐकवत, "अन् खळ कोणाच्या सुनेच्या गोष्टी सांगत नाही." आपल्याकडे कुणी येत नाही, ही गोष्ट त्यांनी अशी काही मांडली होती की जणू आम्हालाच बंदी होती.

त्यांची एकुलती एक लेक विमल. वारासिवनीला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला आली होती. बाळाला घेऊन सासरी जाताना माहेरची गोधडी सोबत जायलाच हवी. ती नसली तर सासरच्या बायका आयुष्यभर बोलून दाखवतात, आणि आईला नाही, लेकीला दाखवतात. काकूंनी त्या गोधडीसाठी माहेरचं लुगडं काढलं. सासरचे पाहुणे न्यायला यायला दोनच दिवस उरले होते. घाईत त्यांनी कणकेची खळ न करता दुपारच्या भाताची पेजच वापरली. आणि त्या पेजेत मीठ होतं.

अंगणात वाळत घातलेली गोधडी मोकाट गाईनं आधी चाटली. मग काठाची पट्टी मनापासून खाल्ली. काकू ओरडत बाहेर आल्या तेव्हा ओले थर चार दिशांना सरकले होते आणि गाय शांतपणे रवंथ करत होती. वर आभाळ भरून आलेलं. पुन्हा खळ लावली असती तर ती वाळली नसती. गल्लीतल्या बायका आपापल्या दारांतून हे बघत होत्या, आणि खरं सांगायचं तर कुणालाही वाईट वाटत नव्हतं.

संध्याकाळी काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या. विनवणी त्यांना येत नव्हती.

"रिकाम्या काहून बसल्या वं? उद्या सुई-दोरा घेऊन या. बाकीच्यायलेही सांग."

"पुन्हा उसवसान तर नाही, बाई?" आईनं विचारलं.

"वाईट घातले तर उसवीन."

आई हसली. "विमलसाठी येतो," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

दुसऱ्या दिवशी आई धरून चौघी चार कोपऱ्यांवर बसल्या आणि दिवस मावळेपर्यंत गोधडी उभी केली. काकू मधे फिरत प्रत्येकीच्या टाक्यावर नाक मुरडत होत्या. चहा मात्र त्यांनी दोनदा केला, दोन्ही वेळा बिनसाखरेचा.

निघायच्या दिवशी आम्ही सगळ्या मोटारस्टँडवर पोचवायला गेलो. विमलच्या सासूनं गोधडी उलगडली, काठावरून हात फिरवला. "मोठी सुबक हाय. कोणी केली?"

"कोण करन? मीच," काकू म्हणाल्या. "एकटीनं. माह्या घरी कोणाचा हात लागत नाही."

आईनं विमलकडे पाहिलं. विमलनं बाळ सासूच्या हातात दिलं. मग ती वाकली आणि आधी माझ्या आईच्या पाया पडली. मग बाकीच्या तिघींच्या, एकेकीच्या. सगळ्यांत शेवटी स्वतःच्या आईच्या. सासू एकदा गोधडीकडे आणि एकदा आम्हा सगळ्यांकडे पाहत राहिली. काकूंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जाय. गाडी सुटन."

गाडी सुटली. धूळ खाली बसेपर्यंत काकू तिथंच उभ्या होत्या. मग आईकडे न बघता म्हणाल्या, "तुह्ये टाके अजूनही मोठेच हायेत."

"हौ," आई म्हणाली.

आणि काकू भर स्टँडवर हुंदके देऊन रडायला लागल्या. चौघी नुसत्या भोवती उभ्या राहिल्या. या बाईला जवळ कसं घ्यायचं, हे त्यांच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.