शिवू नकोस

आमच्या गलीच्या मोडावर एक कुत्री बसायची. पुण्याची माझी आत्तेबहीण इथेच मला अडवेल. "गल्लीच्या वळणावर म्हण गं, मराठी ना तू?" आता चार पिढ्या काशीत, ब्रह्मा घाटावर काढल्यावर मी गलीची गल्ली कुठून करू? ज्या मोडावर मी लहानाची मोठी झाले तो मोडच. तर त्या मोडावर, बंद पडलेल्या एका दुकानाच्या चबुतऱ्यावर ती बसायची, आणि चावायची.

पावसाळ्यात तिने त्या चबुतऱ्याखाली पिल्लं घातली होती. एक मोटरसायकलखाली गेलं, दोन कुणी उचलून नेली. पिल्लं गेली, पण तिची राखण काही सुटली नाही. रिकाम्या जागेवर पहारा. आधी दूधवाल्याला चावली, कारण तो तिला बघून पळाला. मग एका यात्रेकरूला, कारण तो मोबाईलमध्ये बघत चालत होता आणि त्याने थेट तिच्या शेपटीवर पाय दिला. मग आमच्या समोरच्या काकींना, कारण त्यांनी छत्री उगारली. तिघांनाही सुया घ्याव्या लागल्या. काकी तर महिनाभर प्रत्येक सुईची हकीकत गॅलरीतून सांगत होत्या.

एवढं होऊनही तिला कुणी हात लावायला तयार नव्हतं. काशीत कुत्रा म्हणजे भैरवनाथांची सवारी, आणि भैरवनाथ म्हणजे शहराचे कोतवाल. कोतवालाच्या घोड्याला कोण हाकलणार? स्वतः काकीच पायाला पट्टी बांधून तिला पोळी टाकायच्या. आमच्याही देवघरात दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, मी नाही म्हणत नाही. पण ती चौकटीत आहेत. चावत नाहीत.

मला कुत्र्याची भीती नव्हती. मला अप्पांची काळजी होती.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय शहाऐंशी. सगळा जन्म वेदपाठशाळेत मुलांकडून संथा घोटून घेण्यात गेला. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. लग्न केलं नाही, आणि का नाही ते मला विचारू नका. अप्पा रोज सकाळी घाटावर आंघोळीला जायचे, आजवर एक दिवस चुकला नव्हता. आईच्या मृत्यूनंतर त्यांचं जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं, वाचणं तर थांबलंच. उरली होती ती एवढी आंघोळ. ती गेली की अप्पाही जातील, हे मला दिसत होतं. त्यांनाही दिसत असावं.

आदल्या थंडीत ते पायऱ्यांवर घसरले. गुडघा फुटला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कुणाचा तरी हात धरून जा, नाहीतर घरी आंघोळ करा, पुन्हा पडलात तर उठणार नाही. अप्पा म्हणाले, "घरी करतात त्याला अंग धुणं म्हणतात."

आणि हात? हात धरायला मी एका पायावर तयार होते. पण अप्पांचं सोवळं! गंगेतून बाहेर आले की ओलेत्याने, हातात पाण्याने भरलेला तांब्या घेऊन घरी यायचं आणि थेट देवघरात जायचं. वाटेत कुणी शिवता कामा नये. माणूस नको, कुत्रं नको, मी तर नकोच. लहानपणापासून माझ्या सकाळी या दोन शब्दांनी सुरू व्हायच्या, "शिवू नकोस!" चार वर्षांची असताना मी एकदा पळत जाऊन त्यांच्या ओल्या धोतराला मिठी मारली होती. ते ओरडले, आणि पुन्हा खाली जाऊन आंघोळ करून आले. तेव्हापासून सकाळी अप्पांपासून चार हात लांब राहायची मला इतकी सवय झाली की अजूनही सकाळी कुणी जवळ आलं तर मी मागे सरकते.

म्हणून पायऱ्या चढतानाही मी चार हात मागे. ते पडले तर मी काय करणार होते, हे मला आजही माहीत नाही. बहुतेक चार हात लांबून किंचाळले असते.

आणि त्यात ही बया मोडावर! पायऱ्या संपल्या की दहा पावलांवर तिचा चबुतरा. ती अंगावर आली, अप्पा दचकले, तोल गेला, की खेळ खलास.

पण गंमत ऐका. अप्पांना ती काहीही करायची नाही. अप्पा मोडावर आले की ती उठायची, कान मागे, दात बाहेर. अप्पा जागच्या जागी थांबायचे. धोतराचा सोगा आवरायचा, तांब्या छातीशी धरायचा, भिंतीला चिकटून उभं राहायचं, आणि तिच्याकडे न बघता, शांतपणे, पाठशाळेतल्या सुरात म्हणायचे, "शिवू नकोस. शिवू नकोस." ती हुंगायची, दोन हातांवरून फिरायची आणि परत चबुतऱ्यावर जाऊन बसायची.

हे सगळं कोपऱ्यावरचा पानवाला रोज बघत होता. एक दिवस मला म्हणाला, "बहिनजी, बाबूजी शिवजी का नाम लेते हैं, इसीलिए कुतिया कुछ नहीं बोलती."

मी म्हटलं, "शिवजी का नाम?"

"शिवू-शिवू कहते हैं न! भैरव की सवारी है, शिव का नाम सुनते ही शांत."

अगं बाई! मला इतकं हसू आलं की तोंडावर पदर धरावा लागला. मी त्याला समजावलं, भय्या, ते मराठी आहे, 'हाथ मत लगाना' म्हणतात. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मीच बापाची विद्या लपवते आहे. आठ दिवसांत गलीभर झालं. दूधवाला मोडावर आला की थांबायचा, कॅन छातीशी धरायचा, भिंतीला चिकटायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "सिवूनकोस, सिवूनकोस." काकी साडी आवरून तेच. 'नकोस' काय आहे याबद्दल दोन मतं होती. पानवाल्याच्या मते तो दक्षिणेकडचा बीजमंत्र होता. शाळेत जाणाऱ्या पोरी दोन-दोनच्या जोड्यांनी भिंतीला टेकून मंत्र म्हणायच्या आणि मग खिदळत पुढे जायच्या.

आणि खरं सांगते, त्यानंतर ती कुणालाही चावली नाही. मी गणिताची बाई, मला काही चैन पडेना. मग एक दिवस डोक्यात उजेड पडला. अहो, मंत्र कसला! पळायचं नाही, काठी उगारायची नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, थांबून तिला हुंगू द्यायचं. एवढंच तर तिला हवं होतं. सोवळं सांभाळायला अप्पा जे करत होते, तेच कुत्र्यापासून वाचायला करायचं असतं. सगळी गली नकळत आमचं सोवळं पाळायला लागली होती.

हे मी अप्पांना सांगितलं. किती महिन्यांनी ते मोठ्याने हसले. "म्हणजे संथा बरोबर लागली म्हणायची," म्हणाले.

तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव! तिघांना चावलेली कुत्री, उद्या कुणी नवखा आला, ती बिथरली, आणि अप्पा त्यात सापडले तर? मंत्रावर मी बापाचा जीव सोडून देऊ? एका संध्याकाळी मी मोबाईलवरून कुत्रे पकडणाऱ्यांकडे तक्रार केली. पत्ता दिला, खुणा दिल्या, आणि कुणाला सांगितलं नाही. गलीला कळलं असतं तर काकींनी मला गॅलरीतूनच उभी जाळली असती.

ते चौथ्या दिवशी सकाळी आले, नेमके आमच्या वेळेला. गाडी बाहेर मोठ्या रस्त्यावर, आणि दोन माणसं जाळं घेऊन गलीतून चालत. अप्पा पायऱ्या चढून वर पोचले होते, मी चार हात मागे. कुत्रीने जाळं बघितलं. इकडून ते दोघं, तिकडून जमलेली माणसं, पळायला वाट एकच, घाटाकडची. ती सुसाट आमच्याच दिशेने आली. मी ओरडले, "अप्पा!"

अप्पा सवयीने भिंतीला टेकले. पण तिला हुंगायचं नव्हतंच. ती त्यांच्या पायांत शिरली. भिंत आणि ओलं धोतर यांच्या मधल्या एवढ्याशा फटीत अंग चोरून बसली. तांब्या हातातून सुटला आणि खणखणत पायऱ्यांवरून खाली गेला. ती थरथरत होती. लांबूनही मला दिसत होतं, धोतर हलत होतं.

"बाबूजी हटिए, काट लेगी!" जाळंवाला ओरडला.

अप्पा हटले नाहीत. खाली बघत राहिले. मला वाटलं आता 'शिवू नकोस' म्हणतील. ते म्हणाले, "शिवलीस ना? बरं. बस आता."

मग त्या माणसाला हिंदीत विचारलं, हिला कुठे नेणार? तो बिचारा चांगला होता. म्हणाला, सुई लावू, ऑपरेशन करू, आणि आठवड्याच्या आत इथेच, याच जागी आणून सोडू. "इसी जगह?" अप्पांनी तीनदा विचारलं. मग वाकले, मोठ्या कष्टाने, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिथे असेपर्यंत त्या माणसाने हळूच तिच्या गळ्यात पट्टा अडकवला. ती गेली, तीन वेळा मागे वळून बघत गेली.

गर्दी पांगली. अप्पा भिंतीला धरून उभे होते. धोतरावर चिखल, तिचे केस.

"तक्रार तू केलीस," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "तुम्ही पडाल म्हणून. मला भीती वाटते अप्पा, रोज वाटते." आणि मी भर गलीत, पानवाल्यासमोर, रडायला लागले. अठ्ठावन्न वर्षांची बाई!

अप्पांनी धोतरावरचे केस झटकले. मग म्हणाले, "आता पुन्हा खाली जायला हवं. आंघोळ करायची, तांब्या शोधायचा." आणि हात पुढे केला. "धर. आता विटाळ झालाच आहे."

मी धरला. इतका हलका हात! पायऱ्या आम्ही एक-एक करत उतरलो. पण दुसऱ्या आंघोळीनंतर पुन्हा सोवळं, पुन्हा मी चार हात मागे, आणि त्या चढणीत माझा जीव पुन्हा टांगणीला. उद्याचं काय, परवाचं काय, हे मी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी त्यांनी तिला आणून सोडलं. कानाला खाच होती, म्हणजे सुई झाली, ऑपरेशन झालं. काकींनी हळदकुंकू लावायचंच काय ते बाकी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चबुतऱ्यावरून उठली आणि आमच्यामागून घाटावर आली. अप्पा पाण्यातून बाहेर आले, धोतर पिळलं, तांब्या उचलला. ती गेली आणि तिने त्यांच्या पोटरीला नाक लावलं.

"शिवली," अप्पा म्हणाले. पायऱ्यांकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. "आता काय, हात दे."

"आणि तांब्यातलं पाणी?"

"गंगेला विटाळ नसतो."

हा नियम इतकी वर्षं कुठे दडून बसला होता कोण जाणे! मी हात दिला. तेव्हापासून रोज तसंच. पाण्यातून यायचं, तिची वाट बघायची, ती नाक लावणार, अप्पा "शिवली" म्हणणार, आणि मग आम्ही तिघं वर. घरी आलं की बादलीभर पाणी डोक्यावरून घेऊन देवघरात. अप्पांचं जेवण वाढलं. पोथी पुन्हा निघाली. पानवाला म्हणतो, बाबूजींना भैरवनाथ स्वतः पोचवायला येतात. मी आता त्याला दुरुस्त करत नाही.

गेल्या माघात एक दिवस ती आलीच नाही. धुकं इतकं की पलीकडचा वाळूचा काठ दिसत नव्हता. अप्पा पाण्यातून निघाले, तांब्या घेऊन खालच्या पायरीवर उभे राहिले. वाट बघत. ओठ निळे पडलेले, दात वाजत होते. पायऱ्यांकडे बघायचे, पुन्हा मोडाच्या दिशेने बघायचे. ती वर चबुतऱ्यावर कुणीतरी टाकलेल्या पोत्यात गुरफटून झोपली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. मी माझ्या नेहमीच्या जागी, चार हात लांब.

मी चार पायऱ्या उतरले. ते "शिवू नकोस" म्हणतील म्हणून माझे कान टवकारलेले होते, चार वर्षांच्या मुलीचे असतात तसे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि काही म्हटलं नाही. मी त्यांचा थंडगार दंड घट्ट धरला.

"शिवले," मी म्हटलं.

"किती वेळ लावलास," अप्पा म्हणाले. "चल, थंडी वाजते."