त्याला काय काय येत नाही

मुलाला चोविसावं लागलं आणि माझी झोप उडाली. इथल्या, म्हणजे आखातातल्या, नियमाने बिनलग्नाचा मुलगा आईबापाच्या व्हिसावर पंचविशीपर्यंतच राहतो. त्यापुढे ठेवायचा तर तो अपंग आहे हे सरकारने मान्य करायला हवं. तसं कार्ड मिळालं की व्हिसाही राहतो आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या केंद्रात काम शिकायला जागाही मिळते. आणि नाही मिळालं तर? तर त्याला भारतात पाठवायचं. पण कुणाकडे? नवऱ्याची नोकरी इथेच, रास अल खोरच्या गोडाऊनमध्ये, घर तिथून लांब उम्म अल कुवैनला, कारण तिथलं भाडं परवडतं. माझ्या माहेरी कुणी उरलेलं नाही. दीर फोनवर म्हणाले, "बघू, वहिनी." ते 'बघू' मला चांगलं कळतं.

आमचा मुलगा उंचापुरा, देखणा आहे. समज मात्र सहा-सात वर्षांच्या पोराएवढी. इथे अपंग म्हणत नाहीत, 'पीपल ऑफ डिटरमिनेशन' म्हणतात, म्हणजे निश्चयाची माणसं. निश्चय आमच्या घरात कुणाला करावा लागतो ते मला विचारा म्हणावं.

तपासणीची वेळ ठरली आणि आम्ही तयारीला लागलो. आपल्या लोकांना सरकारी माणसासमोर बसायचं म्हटलं की परीक्षाच वाटते, आणि परीक्षा म्हटली की पाठांतर आलंच. नवरा रोज संध्याकाळी गोडाऊनवरून आला की चहा व्हायच्या आत खिशाला पेन लावून सोफ्यावर ऑफिसर होऊन बसायचा. "व्हॉट इज युवर नेम? हाऊ आर यू?" पोरगं ताठ बसून उत्तरं द्यायचं. नाव, पत्ता, बाबांचा फोन नंबर, सातचा पाढा. बरोबर आलं की केळ्याचे वेफर. मीही काही कमी नव्हते. त्याला नवा शर्ट घेतला, नजरेला नजर देऊन हात कसा मिळवायचा ते शिकवलं, आणि त्या दिवशी निघताना तळहातावर दहीसाखर ठेवली. आम्हा दोघांच्या डोक्यात एकच, की ऑफिसात गेल्यावर पोराने नाक कापू नये. आपण तिथे कशासाठी चाललोय हा विचार दोघांनाही शिवला नाही, देवाशपथ.

खोलीत एक डॉक्टरीणबाई होत्या. अरब, मवाळ बोलणाऱ्या. आमच्या चिरंजीवांनी आत जाताच हात पुढे केला, "गुड मॉर्निंग, डॉक्टर." नाव सांगितलं, पत्ता सांगितला, फोन नंबर एका दमात, आणि कुणी विचारला नसताना सातचा पाढा म्हणून दाखवला. बाई हसल्या. "माशाअल्ला! व्हेरी इंडिपेंडंट," असं म्हणून त्या टाइप करायला लागल्या.

नवऱ्याची छाती फुगली. त्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. माझ्या डोक्यात मात्र तेव्हा कुठे प्रकाश पडला. अगं बाई, हे काय करून बसलो आपण! पोरगं पास होत होतं. चांगल्या मार्कांनी पास होत होतं, आणि पास झालं की खलास, विमानाचं तिकीट काढायचं.

"डॉक्टर, ये सब याद किया है," मी म्हणाले. इंग्रजी आठवेना, हिंदीच तोंडात आली. "वी टॉट हिम. आप कुछ और पूछिए."

बाईंनी हात थांबवला आणि त्याला विचारलं, "हाऊ ओल्ड इज युवर मदर?" तो गोड हसला. "आय ॲम फाइन, थँक यू."

मग त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, तो एकटा असला तर काय होतं ते सांगा. पोरगं माझ्या शेजारीच, गुडघ्याला गुडघा लावून बसलेलं. तो बोलतो इंग्रजीत, पण मराठी कळतं, हिंदी कळतं. सगळं कळतं त्याला. मला कुठे माहीत होतं, की त्याला बाहेर पाठवून बोलता येतं! विचारायची अक्कलही राहिली नव्हती, इतकी घाबरले होते.

मी बोलत सुटले. गॅस चालू करतो आणि विसरतो. आंघोळीचं पाणी कढत आहे की गार, ते अंगावर घेईपर्यंत समजत नाही. गाडी लांब आहे की जवळ, तेही नाही. आणि जो जे म्हणेल ते ऐकतो. मुसफ्फाला, कारखान्यांच्या वस्तीत, नात्यातल्या एकांकडे गेलो होतो तेव्हा कामगारांची कंपनीची बस थांबली होती. ड्रायव्हर कुणाला तरी म्हणाला, "यल्ला, हबीबी, चढ लवकर," आणि हा चढला. अख्खा दिवस आम्ही वेड्यासारखे फिरलो. कामगारांनीच बिचाऱ्यांनी त्याला जेवू घातलं, नंबर विचारून फोन केला. भली माणसं होती म्हणून. उद्या दुसरं कुणी 'चल' म्हणालं तर?

"अगं, त्याच्यासमोर काय बोलतेस!" नवरा मराठीत पुटपुटला.

"मग कुणासमोर बोलू?" मी ओरडलेच. "ही कॅन नॉट, डॉक्टर. ही कॅन नॉट डू एनीथिंग अलोन. नथिंग!"

पोरगं माझ्याकडे बघत होतं. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही. नवीन धडा शिकवला की तो जसा बघतो, तसंच.

कार्ड आलं. नवऱ्याने गोडाऊनमध्ये पेढे वाटले. मी देवापुढे दिवा लावला आणि खूप वेळ तिथेच बसून रडले. व्हिसा राहिला, पोरगं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासमोर चहा ठेवला तर तो नुसता बघत बसला. चहावर साय धरली तरी हात लावेना.

"पी ना रे."

"आई, आय कॅन?"

मला वाटलं गंमत करतोय. "कॅन, कॅन," मी म्हटलं, आणि तो प्याला. मग शर्टाच्या बटनांपाशी थांबला. "आय कॅन?" बाथरूमच्या दाराशी, लिफ्टच्या बटनापाशी, टीव्हीच्या रिमोटपाशी तेच. आधी माझ्याकडे बघायचा, विचारायचा, मग करायचा. ही बटनं शिकवायला माझा जीव गेला होता. नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, होईल दोन दिवसांत ठीक. काही झालं नाही. आठवडे गेले. मी बाजारात गेले तर परत येईपर्यंत पोरगं कपडे हातात घेऊन बसलेलं असायचं. मी कायमची गेल्यावर हा असाच बसून राहणार, हे मला स्वच्छ दिसायचं.

केंद्राचा पहिला दिवस आला. घ्यायला बस आली, बसच्या दारात केंद्राच्या फिलिपिनो बाई उभ्या. हसऱ्या होत्या, हात पुढे केला त्यांनी. तो पायरीपाशी थांबला आणि वळून माझ्याकडे बघायला लागला.

"आय कॅन?"

"यू कॅन, बाळा. जा."

तो चढला, खिडकीशी बसला. मी धावत दारापाशी गेले आणि त्या बाईंचा हात धरला. "ही विल आस्क यू. एव्हरीथिंग ही विल आस्क. प्लीज, से येस."

त्यांनी मान हलवली. मग काहीतरी लक्षात आल्यासारख्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ऑलवेज येस, ममा? टू एव्हरीबडी?"

मला मुसफ्फाची ती बस आठवली. मागच्या गाडीने हॉर्न दिला, बसचं दार लागलं, आणि माझा मुलगा त्यांच्याबरोबर गेला.