पेट्रोल पुढे, इंजिन मागे

आमच्या घरातली गाडी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची, आणि सासऱ्यांच्या मते माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त गुणाची. घोलवडच्या एका चिकू बागायतदाराकडून त्यांनी ती तरुणपणी घेतली होती. गोल पाठीची, इंजिन मागे, पेट्रोलची टाकी पुढे, आणि रेडिएटर नाहीच. इंजिन वाऱ्यावर थंड होतं. "पाणीच नाही, तर पाण्याची कटकट नाही," असं ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. पेट्रोलच्या कटकटीबद्दल कोणी विचारत नसे, आणि तेही आपणहून बोलत नसत.

काचबिंदूने त्यांची नजर अधू झाली तेव्हा डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. माझा नवरा रेल्वेत. त्याच्या ड्युटीचा ठिकाणा नाही. शिवाय त्या गाडीशी त्याचं लहानपणापासूनचं वैर. "मी तिला ढकलत मोठा झालोय, आता तू बघ," एवढं बोलून तो मोकळा झाला. त्यामुळे रोज एसटीने तलासरीला जाऊन कॉलेजात फिजिक्स शिकवणारी मी, सुटीच्या दिवशीही तलासरीचाच रस्ता धरू लागले. कारण तलासरीच्या पुढे एका पाड्यावर सासऱ्यांची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, राहतात, आणि दर महिन्याला त्यांना भेटायला जायचं, तेही स्वतःच्या गाडीने, हा सासऱ्यांचा नेम होता.

नेम गाडीचाही होता. डहाणूच्या बाजारात ती शहाण्यासारखी चाले. आशागडपर्यंत ठीक. चारोटीला हायवेला लागलो, जरा वेग घेतला, की थोड्याच अंतरावर इंजिन गुदमरल्यासारखं व्हायचं, दोन-तीन आचके द्यायचं आणि बंद. मागून ट्रकांचे हॉर्न. मी गाडी कशीबशी कडेला घ्यायची आणि शेजारी बसलेले सासरे शांतपणे म्हणायचे, "गरम झालीय. ओलं फडकं टाक."

त्यांचं निदान ठरलेलं होतं. पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाला चिकटून असतो, तो तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही पुढे सरकत नाही. म्हणून पंपावर ओलं फडकं टाकायचं. पेट्रोलच्या नळीवर त्यांनी कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावून ठेवले होते. लाकूड उष्णता ओढून घेतं म्हणे. मी फिजिक्स शिकवते हे त्या क्षणी कोणाच्या लक्षात नसायचं. फडकं टाकून, बाटलीतलं पाणी शिंपडून, थोडी वाट पाहून किल्ली फिरवली की गाडी सुरू व्हायची. मग ते माझ्याकडे असं बघायचे की जणू मी फडक्याची माफी मागायला हवी.

"बाबा, फडकं नसतं टाकलं तरी ती सुरू झाली असती," मी एकदा म्हणाले.

"मग टाकलंस कशाला?"

खरी अडचण हीच होती. गाडी थांबली की जे काही करावं ते लागू पडायचं, कारण ते करण्यात वेळ जायचा, आणि तिला फक्त वेळच हवा असायचा. फडकं टाका, इंजिनाचं झाकण उघडा, शिव्या द्या, गूळ-शेंगदाणे खा. काहीही करा, ती सुरू व्हायची.

मेकॅनिकांचंही तेच झालं. डहाणूच्या मेकॅनिकने पंप बदलला. गाडी चांगली चालली, कारण त्या आठवड्यात आम्ही फक्त भाजी आणायला गेलो. मग हायवेवर पुन्हा बंद. संजाणकडचा एक जाणकार आला, त्याने गुजरातीत सासऱ्यांशी बराच वेळ सुखदुःखाच्या गोष्टी केल्या, कार्ब्युरेटर खोलून धुतला आणि जाताना इग्निशनची कॉइलही बदलली. तिसऱ्याने फिल्टर बदलला. सासरे स्वतःही स्वस्थ नसत. मी एक गोष्ट तपासायला घ्यावी तर तोवर त्यांनी चाचपून चाचपून दुसरा स्क्रू फिरवलेला असायचा.

"एका वेळी एकच बदल करू या," मी विनवायचे. "नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार कसं?"

"बरं वाटल्याशी मतलब."

"पण बरं वाटतच नाहीये."

"ते पेट्रोलमुळे. हल्ली त्यात काय काय मिसळतात. त्याला गाडी काय करणार?"

माझं म्हणणं साधं होतं. गाडी बंद पडेल त्याच क्षणी, फडकंबिडकं टाकायच्या आधी, मागची नळी काढायची आणि पेट्रोल पंपापर्यंत येतंय की नाही ते बघायचं. येत असेल तर दोष मागे, नसेल तर पुढे. पण याला त्यांची सक्त मनाई. "तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडलं तर? गाडी जाईल ती जाईल, तू जाशील." यात ते अगदी बरोबर होते, आणि ते बरोबर असले की मला जास्तच राग यायचा.

मार्चमधली एक दुपार मला चांगली आठवते. पुढच्या डिकीत आत्याबाईंसाठी घोलवडहून आणलेले चिकू होते. दरवेळी नेतो, आणि दरवेळी त्या म्हणतात की तुमच्या चिकूंना पेट्रोलचा वास येतो, कारण टाकीचं तोंड त्याच डिकीत आहे. चारोटी मागे पडली, चढ आला, आचके सुरू झाले. मी गाडी कडेला घेतली. सावली नाही. डांबरावरून गरम वाफा येत होत्या, ट्रक गेला की अख्खी गाडी हलायची.

"फडकं," सासरे म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "आज फडकं नाही, पाणी नाही. आज तुम्ही पाच मिनिटं काही बोलायचं नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांच्याशी अशी कधी बोलले नव्हते. ते काचेतून समोर बघत राहिले. मी उतरले आणि मागे जायचं सोडून पुढची डिकी उघडली, कारण पुढे काही तापलेलं नव्हतं आणि त्यांना आगीचं कारण काढता आलं नसतं. चिकूंची टोपली बाहेर काढून रस्त्याकडेला ठेवली. मनात काही ठाम नव्हतं. टाकीत पेट्रोल आहे ना, एवढंच बघावं म्हणून झाकण फिरवलं.

झाकण निघेना. दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ते सुटलं, आणि सुटताना टाकीने लांब श्वास घेतला. कुकरची शिटी उलटी वाजावी तसा आवाज. हवा बाहेर आली नाही, आत गेली.

"हे काय वाजलं?" सासऱ्यांनी गाडीतून विचारलं. नजर अधू झाली तरी त्यांचे कान तिखट होते.

मी त्यांच्या खिडकीशी गेले. "टाकी हवा ओढत होती. पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी ना? ती येत नाहीये. मग पंप तरी किती ओढणार?"

ते म्हणाले, "किल्ली फिरव."

मी फिरवली. लगेच सुरू झाली. फडकं नाही, थांबणं नाही. मला हायवेवर नाचावंसं वाटलं, पण मी फक्त चिकू आत ठेवले. झाकण सैल ठेवून, त्याखाली रुमाल घालून आम्ही पाड्यावर पोचलो. आत्याबाई दारातच उभ्या होत्या. "गाडीने येतो म्हटलं की मी भात उशिरानेच लावते," त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी त्यांना सगळी हकिगत सांगितली. त्यात झाकण "आम्ही" उघडलं होतं.

परतताना गाडी पुन्हा बंद पडली.

झाकण सैलच होतं. तरी आचके, तरी बंद. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग अगदी हलक्या स्वरात, समाधान लपवत, ते म्हणाले, "फडकं टाकायचं का?"

मी टाकलं. काय करणार?

घरी आल्यावर दोन दिवस मी गाडीकडे बघितलं नाही. नवऱ्याने एकदा विचारलं, "विकून टाकू या का?" आणि आम्ही दोघंही त्याच्यावर इतक्या एकमुखाने तुटून पडलो की तो मुकाट्याने ड्युटीवर निघून गेला. तेव्हा मला कळलं की मीही आता या भानगडीत पुरती अडकले आहे.

नंतरच्या सुटीच्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, सासरे आपणहून म्हणाले, "तुझी ती नळी काढून बघायची परीक्षा आज घे. आज आग लागणार नाही." त्यांनी खुर्ची अंगणात आणून घेतली. आधी मी टाकीची हवा येण्याची बारीक नळी काढली. तिच्यात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं, कडक, विटेसारखं. ते तारेने फोडून काढलं. म्हणजे हवेचा दोष खराच होता. मग मागची पेट्रोलची नळी काढून बाटलीत सोडली.

धार लागायला हवी होती. लागलं सलाइन. टप, टप, टप.

"असंच पडतंय?" सासऱ्यांनी आवाजावरून विचारलं.

"असंच."

"मग गावात चालणार, हायवेवर मरणार. गावात एवढं पुरतं. थांबली की हळूहळू भरतं, म्हणून पुन्हा सुरू होते." ते भराभर बोलत होते. हे सगळं मी त्यांना महिनोन्‌महिने सांगत आले होते, पण त्या दिवशी ते त्यांच्या तोंडून आलं आणि मी येऊ दिलं.

मग पुढे टाकीखाली आडवी होऊन मी टाकीचं पेट्रोल काढलं, ते केसांत घेतलं, नाकात घेतलं, आणि टाकीला जोडलेला हातभर रबरी पाइप सोडवला. बाहेरून तो नवाकोरा दिसत होता. सासऱ्यांनीच नजर चांगली असताना तो बदलला होता. मी ब्लेडने तो उभा चिरला. आतलं रबर फुगून, लिबलिबीत होऊन एकमेकांना चिकटलं होतं. मध्ये भोक असं उरलं नव्हतंच. काडेपेटीतली काडीही गेली नसती.

मी तो तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटं फिरवून आतबाहेर नीट तपासला. त्यांनीच लावलेला पाइप आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने नंतर सांगितलं की जुन्या तऱ्हेचं रबर हल्लीच्या पेट्रोलला टिकत नाही, आतून फुगतं.

"बघ," सासरे म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो. पेट्रोलमुळे."

मी साबण घेऊन न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

नवा पाइप बसवला, आणि पुढच्या महिन्यात आम्ही निघालो. चारोटी गेली. चढ गेला. जिथे थांबायचो ती जागा गेली. दोघंही मागून येणारा गडगडाट ऐकत होतो. तलासरी आली तेव्हा सासऱ्यांनी एकदाच विचारलं, "थांबलो नाही ना आपण कुठे?" मी म्हणाले, "नाही."

पाड्यावर आत्याबाईंच्या दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, त्या बाजारात गेल्यात, तुम्ही गाडीने येणार म्हणून निवांत गेल्यात. आम्ही ओट्यावर बसलो. ऊन ओट्यावर चढत आलं. सासरे दर थोड्या वेळाने कुरकुरत, "हिला काही घरी थांबता येत नाही." मला मात्र, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच, कसलाही वैताग आला नव्हता.

आत्याबाई पिशवी घेऊन सावकाश आल्या. आम्हाला बघून थबकल्या.

"एवढ्या लवकर? बसने आलात का?"

"गाडीने," सासरे म्हणाले. "न थांबता."

त्यांनी भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. पिशवी ओट्यावर ठेवली, गाडीला वळसा घालून मागे गेल्या आणि इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवला. पटकन उचलला.

"तापलीय अजून," त्या म्हणाल्या. "या आत. भात टाकते."