दोन घड्या: एक उभी, एक आडवी

ठाण्यापासून कल्याणपर्यंत, आणि धारिष्ट करून म्हणायचं तर अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत, पोलंड नावाच्या बुडालेल्या राज्याच्या कागदी नोटा पोटच्या पोरांसारख्या जपणारा माणूस एकच होता, आणि परमेश्वराने तो नेमका माझा मामेसासरा म्हणून नेमला होता. त्या राज्याचे तिघा शेजाऱ्यांनी वाटे करून घेतले त्याला शंभर वर्षं होत आली होती. त्याच्या नोटेवर जगातला कुठलाही वाणी मूठभर चणे देणार नाही, हे मी एकदा मामांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "जावईबापू, चणे मिळत असते तर लोकांनी त्या केव्हाच खाऊन संपवल्या असत्या. काही मिळत नाही म्हणून तर उरल्या."

मामा कल्याणचे. माझी बायको आईबापांमागे त्यांच्याच घरी वाढली, म्हणून सासरा म्हणायचा तो हाच. तरुणपणी, आंबिवलीकडे रेल्वेच्या पुलाचं काम चाललं होतं तेव्हा, ते तिथल्या सामानाच्या कोठारावर कारकून होते. कोठाराचा नियम असा, की आत येणाऱ्या प्रत्येक जिनसेची वहीत नोंद करायची, नोंदीत तिची हालत लिहायची, आणि जिन्नस जशी आली तशी परत गेली, की शेवटच्या रकान्यात तसं लिहून सही करायची. 'कुदळ एक. दांडा चिरलेला.' 'दोरखंड एक. तीन ठिकाणी कुरतडलेला, उंदीर.' पूल झाला, गाड्या त्यावरून धडधडत गेल्या, मामा घरी बसले, पण नोंदी काही थांबल्या नाहीत. मामांना कुठलीही वस्तू नुसती दिसतच नसे, हालतीसकट दिसे. दारावर येणारी कोळीण टोपली उतरवायची आणि मामा बोंबील उजेडात धरून त्याची शेपटी तपासायचे, की घडी पडली आहे का. ती कंटाळून म्हणायची, "दादा, म्हावरा खावाचा हाय का वहीत चिकटवाचा हाय?" मामा शांतपणे बोंबील खाली ठेवून सांगायचे, "डोळे कोरे, अंग वापरतं. दुसऱ्या प्रतीचा आहे." दुसऱ्या प्रतीचा म्हणूनही ते तो पहिल्या प्रतीच्या भावाने घ्यायचे, त्यामुळे कोळणीचं त्यांच्यावर फार प्रेम होतं.

माझ्या लग्नात मी सीमांतपूजनाला पाटावर बसलो, तेव्हा मामा कानाशी पेन्सिल अडकवून माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून गेले. मला वाटलं, दृष्ट काढतायत. पुढे बायकोने वहीतली ओळ दाखवली: 'जावई एक. कान मोठे. अक्कल वापरती, मधोमध घडी.' माझ्या ठाण्याच्या कचेरीतल्या साहेबांनी दर वर्षी माझ्याविषयी पानभर मजकूर लिहिला आहे, पण त्यात याहून जास्त काही नाही.

आता नोटांची गोष्ट. पुलाच्या कामावर एक पोलंडचा साहेब होता. साहेब असून त्याचं राज्य कुठेच नव्हतं, त्यामुळे बाकीचे साहेब त्याला जरा बाजूलाच बसवत. त्याला तापाने धरलं आणि हवापालटासाठी लांब पाठवायचं ठरलं, तेव्हा तो कोठारात आला आणि खिशातून एक कागद काढून मामांपुढे ठेवला. त्याचं राज्य बुडण्याआधी तिथे शेवटचं बंड झालं, त्या वर्षी बंडवाल्यांनी छापलेली नोट होती ती. त्याच्या आजोबांना लढण्याच्या पगारात मिळालेली. बंड मोडलं, राज्य गेलं, आजोबांनी नोट चौघडी करून छातीशी ठेवली. तिथून ती मुलाच्या छातीशी गेली, तिथून नातवाच्या. साहेब म्हणाला, वाटेत मी मेलो तर कपड्यांबरोबर ही जाळतील. तुझ्याकडे ठेव, परत येईन तेव्हा दे. मामांनी रीतसर पावती फाडली: 'कागद एक. खालचा डावा कोपरा नाही. डाग दोन. घड्या दोन: एक उभी, एक आडवी.' साहेब पावती घेऊन गेला तो गेलाच. पुढे वर्षानुवर्षं पत्र नाही.

त्या एका नोटेपायी मामांना वेड लागलं. ही परमुलखात एकटी पडली आहे, हिला सोबत हवी, असं त्यांच्या मनाने घेतलं. मुंबईच्या बंदरावर खलाशांकडून जुनंपुरं घेणारा एक म्हातारा पारशी होता, त्याच्या दुकानी ते महिन्यातून एक फेरी मारत. अशा सहा नोटा त्यांनी जमवल्या. काही त्याच बंडातल्या, काही पुढे तिथल्या राजधानीत निघालेल्या बँकेच्या. नोट परीक्षेला घ्यायची म्हणजे मोठा सोहळा असे. हात धुवायचे, कोरडे करायचे, तपकीर ओढणाऱ्याने ओसरीवर जाऊन बसायचं. मग मामा नोट उजेडासमोर धरून कागदातली पाण्याची खूण शोधत, टाचणीची भोकं मोजत, तिला कानाशी हलकेच वाजवून ऐकत. आणि प्रत ठरवत: कोरी, वापरती, थकलेली, जीर्ण, आणि सगळ्यात शेवटची श्रद्धेची, म्हणजे आपण नोट म्हणायचं म्हणून नोट. मामी चुलीपाशी बसून म्हणायच्या, "मला कुठल्या प्रतीत घातलंय ते विचारा कोणीतरी." मामा मान वर न करता सांगायचे, "वापरती. पण कोपरे शाबूत."

मीही एकदा या संग्रहात भर घालायला गेलो होतो. मुंबईला एका खलाशाने मला गरुडाचं चित्र असलेला एक सुंदर कागद विकला. पोलंडच्या नोटेवर गरुड असतो एवढं मला माहीत होतं, आणि माझं कुठलंही ज्ञान असतं तेवढंच असतं. मामांनी तो कागद उजेडात धरला आणि वास घेतला. मग वहीत लिहिलं: 'कागद एक. औषधाच्या बाटलीवरचा. हालत उत्तम.' आणि तो जपून ठेवला. मला त्यांनी हसायला हवं होतं; ते हसले नाहीत हे मला फार लागलं. आता काहीतरी असं करून दाखवावं की मामा नुसते बघत राहतील, असं मी मनाशी ठरवलं. ते मी करून दाखवलं.

नवरात्राचे दिवस होते. पावसाळ्याची ओल गेली पाहिजे म्हणून मामांनी सातही नोटा माजघरात चटईवर, सावलीत, मांडल्या होत्या. ते, मामी आणि माझी बायको किल्ल्यावरच्या देवीला निघाले आणि मला म्हणाले, "जावईबापू, वारा आला तर खिडकी लावा. दुसरं काही करू नका." मी बसलो. वारा काही आला नाही. समोर ती साहेबाची नोट, मधोमध दोन सुरकुत्या, जणू माझीच अक्कल. मला आयुष्यात एकच कला येते. कचेरीत जाताना उपरण्याला भाताच्या पेजेची खळ देऊन, तांब्यात निखारे भरून, त्याने अशी इस्त्री करतो की उपरणं उभं राहील. चुलीवर पेज होती. निखारे होते. तांब्या होता. यापुढचं सांगायला नको, पण सांगतो: नोट पापडासारखी कडक झाली, चकाकायला लागली, आणि दोन्ही घड्या साफ नाहीशा झाल्या. मी ती इतर सहा जणींच्या मध्ये ठेवली आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

मामा आले, त्यांनी पाहिलं, आणि चटईच्या कडेला हळूच खाली बसले.

मी म्हणालो, "हालत सुधारली की नाही, मामा?"

"सुधारली," मामा म्हणाले, "म्हणूनच गेली."

"तसं असेल तर मी पुन्हा घडी घालून देतो. इथून अशी, आणि..."

"ती तुमची घडी होईल, जावईबापू."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. घरी परतताना गाडी कळव्यापर्यंत आली. बायको खाडीकडे बघत म्हणाली, "घरातल्या एका धोतराला कधी हात लावला नाहीत. आणि इस्त्री करायला परक्याचं राज्य सापडलं?" पुढचे सहा महिने मी कल्याणला पाऊल टाकलं नाही. माझ्या पोटात दुखलं, गुडघ्यात दुखलं, एकदा तर मी ज्या मावशीच्या आजारपणाला गेलो ती मला मुळात नव्हतीच. स्वतःला एवढंच समजावत होतो, की तो साहेब कधीच वारला असेल. मेल्या माणसाच्या कागदाची घडी कोण मोजतं? माणसाच्या मरणाची अशी मनापासून आशा धरलेला मी एकटाच असेन.

चैत्रात मामांचं पत्र आलं. साहेब जिवंत होता. इतकी वर्षं ब्रह्मदेशात पूल बांधत होता, आता कायमचा युरोपात चालला होता, आणि बोट मुंबईला थांबेल तेव्हा सकाळच्या गाडीने कल्याणला येऊन आपला कागद घेऊन जाणार होता. खाली मामांनी लिहिलं होतं: 'आपण यावं. केलेलं दाखवायला करणारा लागतो.'

मी गेलो. साहेब वाळून काडी झाला होता, दाढी पांढरी, पण ओसरीवर मांडी घालून बसला तो कोठारातल्यासारखाच. दोघांची भाषा पुलावरची: थोडी हिंदुस्थानी, थोडी इंग्रजी, उरलेली हातवाऱ्यांची. चहा झाला, तापाच्या गोष्टी झाल्या, आणि साहेबाने खिशातून पावती काढली. तिचं नुसतं जाळं झालं होतं. मामांनी ती तळहातावर घेतली, वही उघडली, पेटीतून नोट काढली आणि कोठारातल्यासारखं मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"कागद एक." साहेबाने मान हलवली. "खालचा डावा कोपरा नाही." नव्हता. "डाग दोन." होते. "घड्या दोन: एक उभी, एक आडवी." मामा थांबले. मग वही मिटून म्हणाले, "नाहीत. माझ्या कोठारात असताना गेल्या. पावती खोटी ठरली, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सबंध आयुष्यात एक नोंद चुकली, ती त्यांनी स्वतःच्या नावावर लिहून घेतली. मला ते सहन झालं नाही. मी उठलो आणि घाबरून कचेरीच्या इंग्रजीत माझ्या तोंडून असं बाहेर पडलं, की महाराज, मी आपल्या देशाला इस्त्री केली आहे.

तांब्या, निखारे, पेज, सगळं मी हातवाऱ्यांनी दाखवलं. मग त्याची दाढी हलायला लागली, तो हसता हसता खोकला आणि खोकता खोकता हसला, आणि मामांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "यांच्याआधी तिघा शेजाऱ्यांनी केली आहे. तरी तो आहे ना?"

असं म्हणून त्याने नोट हातात घेतली आणि मधोमध सरळ दुमडली. खळीचा कट् आवाज झाला. मामांचा हात आपोआप पुढे गेला, सात नोटांना कधी घामाचं बोट न लागू दिलेला हात, आणि अर्ध्यात थांबला. कागदाला जुनी वाट आठवत होती. घडी नेमकी तिथेच पडली. मग आडवी. साहेबाने ती चौघडी आतल्या खिशात, छातीशी ठेवली आणि वरून दोनदा थोपटली.

मामांनी मोठा श्वास सोडला. सहा महिने तो आत धरला असावा. त्यांनी वही उघडली आणि म्हणाले, "घड्या दोन. मिळाल्या." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "ही त्यांची घडी, जावईबापू." आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'जशी आली तशी गेली.' मामींनी मला त्या दिवशी तीनदा वाढलं. परतीच्या गाडीत मला इतकं हलकं वाटत होतं, की डोंबिवलीला गाडी थांबली तेव्हा उगाचच खाली उतरून आलो.

उरलेल्या सहा नोटा साहेबाला देऊ केल्या होत्या, त्याने घेतल्या नाहीत. म्हणाला, इथे त्यांना कोणीतरी उजेडात धरून बघतं तरी. पण मामांनी पुढे नवी नोट आणली नाही. जिला सोबत हवी होती तीच निघून गेली होती. पेटीतल्या तिच्या जागी त्यांनी ती जाळं झालेली पावती ठेवली आणि दसऱ्याला मांडामांड झाली की तीही सावलीत मांडायचे. 'श्रद्धेची,' म्हणायचे.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मामींनी ती पेटी आणि वही माझ्या स्वाधीन केली, माझ्या हातचा गुण माहीत असूनही. वही चाळताना माझ्या लग्नातली ओळ सापडली. तिच्या पुढे, परतीच्या रकान्यात, पेन्सिलीने नव्हे तर शाईने, म्हातारपणीच्या थरथरत्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'इस्त्री करतो. तेवढं सोडून बरा. परत द्यायचा नाही.'