बाईंनी पेन खिशात ठेवलं

सिंगापुरात, चोआ चू कांगमधल्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये परीक्षक बाई माझ्या मागे मागे फिरत होत्या आणि हातातलं पेन सारखं टकटक वाजवत होत्या. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर घरं तपासायचं लायसन्स मिळवणं एवढंच माझ्या हातात उरलं होतं. नीट न चिकटलेली फरशी ठोकली की पोकळ वाजते. स्वयंपाकघरात जवळजवळ सगळ्याच तशा निघाल्या. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात बाईंनी पेन खिशात ठेवलं. "आता मी घरमालकीण. आजच चावी मिळालीय. सांगा मला."

आणि त्या एकदम दुसऱ्याच झाल्या. ओट्यावरून हात फिरवला, खिडकी उघडून खाली डोकावल्या आणि वळून इतक्या खुशीत हसल्या की मीच गडबडलो.

"नाइस ना, माझं घर?"

मला दरदरून घाम फुटला. 'नाइस' अगदी ओठांवर आलं होतं. खोटं तरी कुठे होतं ते?

"मॅडम, स्वयंपाकघरातली फरशी पोकळ आहे. उखडावी लागेल."

त्यांचं हसू मावळलं. "सगळी?"

"सगळी."

त्यांनी पायाने एक फरशी चाचपली आणि खिशातून पेन काढलं. मग पेन पुन्हा वाजलं. "पास."

दाराबाहेर मी बूट घातले. म्हटलं, "काय अ‍ॅक्टिंग करता हो, मॅडम!"

"अ‍ॅक्टिंग कसली, लाह," कुलूप लावत त्या खास सिंगापुरी ढंगात म्हणाल्या. "माझं खरंखुरं घर तपासायला आलेला माणूसही असाच घामाघूम झाला होता. तो मात्र नाइस म्हणाला."