आत्याला सांगितलेला अर्थ

आत्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण मी इंग्रजी पाठ म्हणताना एखादा शब्द गाळला की ती मला जागच्या जागी धरायची. ही हकीकत एकोणीसशे तीसच्या आगेमागेची. मी मुंबईला डॉक्टरी शिकत होतो. मे महिन्याच्या सुट्टीत बोटीनं रत्नागिरीला उतरायचं, होडीतून खाडी ओलांडून गावी यायचं आणि पडवीत बसून शरीररचनेचं ते उशीएवढं पुस्तक घोकायचं, असा माझा क्रम. आत्या अंगणात आंबापोळी घालत असायची. ताटांतून रस पसरायची, कावळे हाकलायची आणि मान वर न करता मध्येच म्हणायची, "थांब. काल ह्या जागी आणखी काहीतरी होतं." मी पुस्तक उघडून बघायचो. असायचंच.

ही विद्या तिची घरची. माझे आजोबा वेदपाठी. ओटीवर दहा-पंधरा विद्यार्थ्यांना संथा द्यायचे. आत्या लहानपणी माजघरात तांदूळ निवडता निवडता ऐकायची. मुलीनं वेद म्हणायचा नाही, पण कानाला कोण बंदी घालणार? ओटीवर कोणी चुकला की आतून सूप आपटल्याचा आवाज यायचा, आणि आजोबा त्या विद्यार्थ्याला निमूटपणे पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचे. पुढं तिचं लग्न झालं, नवरा तापानं गेला आणि कडेवरच्या लेकीला, द्वारकीला, घेऊन ती माहेरी परत आली ती कायमची. माझी आई मला आठवत नाही. मला वाढवलं ते आत्यानंच.

"आधी तोंडपाठ, अर्थ मागाहून. अर्थ काय पळून जातोय?" हे आजोबांचं वाक्य तिच्या तोंडी सदा असायचं. आमचे कॉलेजातले प्रोफेसर तरी याहून निराळं काय सांगत होते? फक्त ते कोट-पाटलोण घालून सांगत. मी घोकत राहिलो, ती ऐकत राहिली. पुस्तक मात्र तिनं कधी हातात धरलं नाही. ते मुडदे फाडायच्या टेबलांवर ठेवलेलं असतं हे मीच एकदा फुशारकीनं तिला सांगून बसलो होतो.

पुस्तकाबरोबर मी एक पेटीही आणायचो. तीत माणसाची हाडं होती. वरच्या वर्गातल्या एकाकडून घेतलेली. ती घरात येणं शक्यच नव्हतं, म्हणून पेटीची जागा गोठ्यात, वैरणीच्या माळ्यावर. आत्या तिकडं फिरकायची नाही. पण पहिल्याच अमावास्येला गोठ्याच्या दाराशी केळीच्या पानावर दहीभात दिसला. मी हसलो. ती म्हणाली, "एवढं जाड पुस्तक तुझं, त्यात ह्या माणसाचं नाव तेवढं नाही होय रे?" मी म्हटलं, नाही. "मग कोणीतरी नको का जेवू घालायला?"

दर सुट्टीत मी आलो की पायांवर पाणी घ्यायच्या आधी तिचा एक प्रश्न ठरलेला. "बाळंतपणाचं पुस्तक आणलंस?" ते शेवटी असतं, अजून दोन वर्षं आहेत, असं मी सांगायचो. ती "बरं" म्हणायची. तो प्रश्न कशासाठी हे मला ठाऊक होतं. द्वारकी पहिल्या बाळंतपणाला आली आणि त्यातच गेली. मूल आडवं होतं, हात आधी बाहेर आला. वडिलांनी रत्नागिरीला न्यायला डोली बांधली होती. तिथला डॉक्टर पुरुष, म्हणून आत्यानं ती परत सोडायला लावली. सुईण म्हणाली ओढा, म्हणून आत्यानं तो हात ओढला. हे सगळं मला वडिलांनी सांगितलं होतं. आत्यानं कधीच नाही. द्वारकी गेली ती ऐन आंब्याच्या दिवसांत. तेव्हापासून घरभर आंबा असताना आत्यानं फोड तोंडात घातली नव्हती.

अखेर एका मे महिन्यात मी ते पुस्तक घेऊन आलो. दुपारी आत्या पडवीत येऊन बसली. हात मोकळे ठेवून बसलेली मी तिला प्रथमच पाहिली. "हात आधी आलेल्या मुलाचं काढ," ती म्हणाली. मी पान काढून वाचलं. सावकाश वाचलं, कारण संपल्यावर काय येणार हे कळत होतं.

"आता अर्थ सांग."

पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. हात कधीही ओढू नये. वेळ घालवू नये, ताबडतोब डॉक्टर गाठावा. वेळेवर गाठला तर आतल्या आत मूल फिरवून, पायाकडून काढून बाईला वाचवता येतं. मी पुस्तकाकडं बघितलं, मग तिच्या मांडीवरच्या हातांकडं.

"याला उपाय नाही, आत्या," मी म्हणालो. "असं पुस्तकातच दिलंय."

"म्हणजे रत्नागिरीस नेली असती तरी?"

"तरी."

ती खूप वेळ रडली. मग तोंड धुऊन आली, अडीत पिकत घातलेला एक आंबा घेतला आणि माझ्यासमोर बसून खाल्ला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. दुखऱ्याचं दुःख हलकं करणं हीच तर डॉक्टरी, असं काहीतरी मी त्या दिवशी मनाशी म्हटल्याचं आठवतं. आज त्याची शिसारी येते.

पुढल्या वर्षी मी पास होऊन आलो. रत्नागिरीत दवाखाना घालायचं ठरलं होतं. आत्यानं माझी दृष्ट काढली, आणि चहा पुढं ठेवताना सहज सांगितलं, "वरच्या वाडीतल्या धोंडूची थोरली सून गेली रे शिमग्यात. द्वारकीसारखंच झालं. धोंडू डोली बांधून निघाला होता रत्नागिरीस. मीच अडवलं. म्हटलं, उगाच पोरीचे हाल कशाला करतोस, आमच्या बाळच्या पुस्तकात लिहिलंय, ह्याला उपाय नाही. घरच्या घरात तरी गेली बिचारी."

चहा तसाच राहिला. दोन दिवस मी काही बोललो नाही. पण वाडीत आणखी दोघी गरोदर होत्या, आणि आत्या त्यांच्याही घरी जाऊन हेच सांगणार होती. गप्प बसायची सोय उरली नव्हती. तिसऱ्या दिवशी मी ते पान पुन्हा काढलं आणि त्यातला खरा अर्थ तिला सांगितला.

ती ओरडली नाही. मला एक शब्द लावला नाही. एवढंच म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतंस तर मी एकीसाठीच रडले असत्ये."

मग तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला आणि चढण चढून वरच्या वाडीत गेली. मी बरोबर जायला निघालो तर म्हणाली, "तू नको. माझं मी सांगत्ये." परत आली ती थेट विहिरीवर अंघोळीला गेली. वाडीत काय झालं हे मी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. त्यानंतर वाडीतल्या बाया तिला वाटेत बघून बाजूला व्हायच्या. तिनं आंबा पुन्हा सोडला, आणि हळूहळू भातही. तीन पावसाळे काढून ती हिवतापानं गेली. मी शिकलेलं सगळं करून पाहिलं. तिनं एकही औषध नाकारलं नाही आणि एकही तिला लागू पडलं नाही. तेराव्याला वरच्या वाडीतून कोणी आलं नाही.

मी मात्र इतकी वर्षं धोंडूची वाट बघत होतो. तो एक दिवस दवाखान्यात येईल, चार माणसांत मला खोटारडा म्हणेल, असं धरूनच चाललो होतो. तो आला. धाकट्या सुनेला घेऊन आला, हात जोडून आला.

"डाक्टर, तुमच्यावर इस्वास हाय म्हून आणलीय," तो म्हणाला. "रागावू नका, पन तुमच्या आत्यानं आमचं घर बुडवलं. नंतर आली दारात नि बोलली, माझ्या भाच्याच्या पुस्तकात तसं कायबी न्हाय, तो रत्नागिरीस न्या असंच म्हनतो, मीच माज्या मनचं सांगितलं. कसली बाय ती! मेली तरी माफ करायचा न्हाय मी तिला. तुमी आपले देवमानूस."

दवाखान्यात पाच-सहा माणसं बसली होती. सगळी माझ्याकडं बघत होती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "बसा."

सुनेचं पोट तपासलं. मूल सरळ होतं. बाळंतपण सुखरूप झालं. बाराव्या दिवशी धोंडू नारळ घेऊन आला आणि माझ्या पाया पडला. नारळ मी घेतला.