अप्पांचा नंबर चालू आहे

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी न मागता जमतात: धूळ आणि किस्से. धूळ ब्लोअरने उडते. किस्से बसून राहतात, कारण सांगणारे उठतच नाहीत! सेलूत कापूस बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. दुपारी तिथे दोघे कायमचे. एक आमचे वकीलसाहेब, ज्यांना प्रत्येक दुखण्यावर कलम सापडतं. दुसरे हवालदार मुंजाजी. ठाण्यातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारी त्यांच्या गळ्यात पडल्यात, कारण त्यांना मराठी टायपिंग येतं. आम्ही या गोष्टींवर खूप हसलोय. हल्ली मात्र सांगता सांगता मधेच थांबावंसं वाटतं.

* * *

जिनिंगवाल्या शेठचा फोन आला. "बालाजी, लवकर ये. कॉम्प्युटरला बाहेरचं लागलंय!"

गेलो. शेठ कापसाचा भाव बघायला ब्राउझर उघडायचे आणि भावाऐवजी एक काळं पान यायचं: "तुमच्या घरात कुणीतरी आलं आहे. नाव जाणून घ्या." बंद केलं की पुन्हा तेच. मी काढून टाकावं, मशीन चालू करावं, तर पान हजर! खरं सांगतो, भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

शेवटी मूळ सापडलं. मुनीमजींनी अर्ज टाइप करायला फुकटचा मराठी फॉन्ट उतरवला होता, त्याच्या पोटातून हे आलेलं. सगळं साफ केलं, पान गेलं. पण तोवर शेठनी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली होती. मी सोडायला गेलो तर त्यांनी हात धरला.

"ऱ्हाऊ दे. कुणामुळं गेलं ते आपल्याला काय माहीत?"

* * *

"याला कायदा नाही का?" मी वकीलसाहेबांना विचारलं.

"आहे की! दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात न विचारता शिरणं गुन्हा आहे. शिक्षा आहे, दंड आहे."

"मग पकडतील?"

"आधी तो कुठल्या देशात बसलाय ते तर कळू दे!"

एवढ्यात त्यांच्याच लॅपटॉपवर सायरन वाजायला लागला. पडदा लाल. वर्दीतल्या एका साहेबाचा फोटो आणि खाली, "तुमचा कॉम्प्युटर पोलिसांनी जप्त केला आहे. जागेवरून हलू नका." वकीलसाहेब ताडकन उठले, कोटाचं बटण लावलं आणि लॅपटॉपला म्हणाले, "मी वकील आहे!"

मी मागे बघितलं. मुंजाजी सॅल्यूट ठोकून उभे!

"फोटू खोटा हाय हे माहीत होतं मला," ते नंतर म्हणाले. "पण वर्दी दिसली की हात आपोआप जातो."

* * *

मग आली पत्रिका.

मोबाईलवर लग्नपत्रिकेची फाईल यायची. उघडली की एक साधी पत्रिका दिसायची, आणि तेवढ्यात फोन चोरांच्या ताब्यात. पुढे तीच पत्रिका तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ओळखीच्यांना. मी दुकानावर बोर्ड लावला, "अनोळखी पत्रिका उघडू नका." उपयोग शून्य. आमच्याकडे आलेलं आवतण न बघणं म्हणजे माणसाचा अपमान!

त्या पत्रिकेत ताडकळसच्या एका मंगल कार्यालयाचं नाव होतं. वालूरचे एक पाहुणे आहेर घेऊन, मोटारसायकल हाणत तिथं पोचले. कार्यालयाला कुलूप. पण गेटसमोर माणसं उभी होती. इस्त्रीचे कपडे, हातात आहेर, बायकांच्या नाकात नथी. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. प्रत्येकाला वेगळ्याच माणसाने बोलावलेलं. उन्हात सगळे कुलपाकडे बघत उभे.

शेवटी एक म्हातारी म्हणाली, "नवरीला तरी म्हाईत हाय का, आमी आलोय म्हणून?"

* * *

नंतर ती पत्रिका वालूरच्या मन्मथअप्पांच्या नंबरवरून यायला लागली. अप्पा किराणा दुकानदार, माझ्या वडिलांचे दोस्त. पत्रिका येऊ लागली तेव्हा अप्पांना जाऊन काही महिने झाले होते.

गावात कुणी फोन हातात धरेना. अप्पांचे जोडीदार खंडूआबा मात्र पत्रिका बघून शांतपणे उठले, अंघोळ केली, पांढरं धोतर नेसून ओट्यावर बसले. सून घाबरली. "आबा, हे काय करायलाव?"

"आमचं ठरलंच होतं. आधी जाईल त्यानं दुसऱ्याला बोलवायचं!"

* * *

अप्पांच्या बायको, शांताकाकू, तक्रार द्यायला माझ्या दुकानातच आल्या. "उभ्या जन्मात त्यांनी मापात कुणाला फसवलं न्हाई. आता लोक त्यांना चोर म्हणायलेत. त्यांचं नाव तेवढं सोडवा."

मुंजाजी टाइप करत म्हणाले, "फोन जमा करावा लागल, काकू."

"फोन त्यांच्यापाशीच हाय."

मुंजाजींची बोटं थांबली. लिंगायत घरांत माणसाला बसवून समाधी देतात. अप्पांना फोनशिवाय करमत नसे, म्हणून काकूंनी तो त्यांच्या मांडीवर ठेवला होता.

"म्हणजे उकरावं लागल?" काकूंनी विचारलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. वकीलसाहेबांनासुद्धा कलम सुचेना.

मग मीच समजावलं. फोनची गरज नाही. अप्पा जिवंत असतानाच चोरांनी त्यांचा नंबर दुसरीकडे चालू करून ठेवलाय. मृत्यूचा दाखला देऊन नंबरच बंद करू. वकीलसाहेबांनी अर्ज लिहिला आणि नंबर खरंच बंद झाला! अप्पांना कुणी हलवलं नाही. मला फार बरं वाटलं.

वकीलसाहेब म्हणाले, "बघ, कायदा चालतो. फक्त माणूस आधी मरावा लागतो!"

* * *

परवा भर दुपारी काकू पुन्हा आल्या. काही न बोलता फोन माझ्यापुढे ठेवला. अप्पांच्याच नंबरवरून मेसेज. पत्रिका नव्हती, लिंक नव्हती. एवढंच होतं: "आज तरी जेव."

वकीलसाहेब म्हणाले, नंबर दुसऱ्या कुणाला दिला असेल. मी म्हणालो, चोरांकडे जुने मेसेज असतात, मशीन त्यातलंच काहीतरी पाठवतं. मुंजाजी म्हणाले, नवी तक्रार घेतो.

काकूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"खरं असल बाबा. पण लोक अजून त्यांना नावं ठेवायलेत, म्हणून कालपासून मला घास जाईना. मी जेवले न्हाई, हे मी कुणालाच सांगितलं न्हाई."

रस्त्यावरून कापसाची एक गाडी गेली.

"काकू, हा नंबर ब्लॉक करू का?" मी विचारलं.

काकूंनी फोन उचलला, पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला.

"नको. वालूरची गाडी कितीला हाय? घरी जाऊन भाकर टाकते."